मॅथ्यू रिजवे

जनरल मॅथ्यू बंकर रिजवे (३ मार्च १८९५ – २६ जुलै १९९३) हे अमेरिकेच्या भूसेनेतील ज्येष्ठ सेनानी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचे आणि पुढे १८व्या एअरबोर्न कोअरचे नेतृत्व केले. कोरियन युद्धात डिसेंबर १९५० मध्ये, माघार घेत असलेल्या आठव्या सैन्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली आणि तीन महिन्यांत युद्धाचे पारडे फिरवले. एप्रिल १९५१ मध्ये जनरल डग्लस मॅकआर्थर यांना पदावरून दूर करण्यात आल्यानंतर अतिपूर्वेतील सर्वोच्च सेनापतिपद रिजवे यांच्याकडे आले. त्यानंतर ते नाटोचे युरोपातील सर्वोच्च सेनापती (१९५२-५३) आणि अमेरिकेचे भूसेनाप्रमुख (१९५३-५५) होते.

आघाडीवर राहून लढणारा सेनापती अशी त्यांची ख्याती होती. तथापि लष्करी इतिहासात त्यांचे नाव आणखी एका कारणासाठी घेतले जाते. ज्या मोहिमेत सैनिकांचे प्राण व्यर्थ जातील असे त्यांना वाटले, तिला त्यांनी वरिष्ठांसमोर स्पष्ट विरोध केला. १९४३ मध्ये रोमजवळ छत्रीधारी सैनिक उतरवण्याची योजना आणि १९५४ मध्ये इंडोचायनात हस्तक्षेप करण्याचा प्रस्ताव ही त्याची दोन प्रमुख उदाहरणे होत.

प्रारंभिक जीवन

रिजवे यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील फोर्ट मन्रो या लष्करी ठाण्यात झाला. त्यांचे वडील थॉमस रिजवे हे तोफखान्यातील अधिकारी होते. त्यामुळे मॅथ्यू यांचे बालपण निरनिराळ्या छावण्यांमध्ये गेले. १९१२ मध्ये बोस्टन येथील इंग्लिश हायस्कूलमधून शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत प्रवेश मिळवला. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यामुळे त्यांच्या तुकडीचा पदवीदान समारंभ एप्रिल १९१७ मध्येच उरकण्यात आला.

त्या युद्धात प्रत्यक्ष भाग घेण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. त्यांची पहिली नेमणूक टेक्सासमधील मेक्सिकोच्या सीमेवर झाली आणि १९१८ मध्ये त्यांना स्पॅनिश भाषा शिकवण्यासाठी वेस्ट पॉइंटला परत बोलावण्यात आले. युद्धाचा अनुभव नसलेल्या अधिकाऱ्याला पुढे वाव नाही, अशी त्या काळात समजूत होती आणि ही नेमणूक आपल्या कारकिर्दीला मारक ठरेल अशी भीती रिजवे यांनाही वाटत होती.

दोन महायुद्धांमधील काळ

स्पॅनिश भाषेच्या ज्ञानाचा त्यांना पुढे उपयोग झाला. १९२७-२८ मध्ये निकाराग्वातील निवडणुकीच्या देखरेखीसाठी जनरल फ्रँक मॅकॉय यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने पाठवलेल्या शिष्टमंडळात त्यांची निवड झाली. या कामासाठी त्यांनी ऑलिंपिकमधील आधुनिक पंचक्रीडा स्पर्धेच्या संघात स्थान मिळवण्याची आशा सोडून दिली. तत्पूर्वी १९२५ मध्ये ते चीनमधील तिन्त्सिन येथील १५व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होते. तेथे त्यांचा जॉर्ज मार्शल यांच्याशी संबंध आला. पुढे अमेरिकेचे भूसेनाप्रमुख झालेल्या मार्शल यांना रिजवे यांच्या गुणांची पारख होती.

१९३० च्या दशकात त्यांनी फिलिपाइन्समध्ये काम केले, तसेच फोर्ट लेव्हनवर्थ येथील स्टाफ महाविद्यालयाचे आणि आर्मी वॉर कॉलेजचे शिक्षण पूर्ण केले. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले, त्या सुमारास त्यांची वॉशिंग्टन येथील युद्धनियोजन विभागात नेमणूक झाली. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर १९४२ च्या आरंभी ते ८२व्या पायदळ डिव्हिजनमध्ये ओमर ब्रॅडली यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. जून १९४२ मध्ये ब्रॅडली यांची बदली झाल्यावर डिव्हिजनची सूत्रे रिजवे यांच्याकडे आली.

दुसरे महायुद्ध

ऑगस्ट १९४२ मध्ये ८२व्या डिव्हिजनचे रूपांतर एअरबोर्न डिव्हिजनमध्ये करण्यात आले. एअरबोर्न डिव्हिजन म्हणजे विमानातून छत्रीच्या साहाय्याने किंवा ग्लायडरमधून शत्रूच्या पिछाडीस उतरणारे सैन्य. अशा सैन्याजवळ हलकी शस्त्रे आणि थोडे दिवस पुरेल इतकाच दारूगोळा असतो. तेवढ्या अवधीत जमिनीवरून पुढे येणारे मुख्य सैन्य त्याच्यापर्यंत पोहोचले नाही, तर ते शत्रूच्या कोंडीत सापडते. अमेरिकेला हा युद्धप्रकार नवा होता आणि त्याचे धोके प्रत्यक्ष लढाईतच उमगत गेले.

सिसिली

जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी सिसिली बेटावर आक्रमण केले. ११ जुलैच्या रात्री ८२व्या डिव्हिजनच्या कुमकेस १४४ वाहतूक विमानांतून छत्रीधारी सैनिक पाठवण्यात आले. किनाऱ्यालगतच्या जहाजांनी आपल्या विमानांवर गोळीबार करू नये, यासाठी रिजवे यांनी आधीच आग्रह धरला होता. परंतु त्या दिवशी जर्मन विमानांचे हल्ले झालेले असल्याने जहाजांवरील व जमिनीवरील तोफा सज्ज होत्या. एका तोफेने मारा सुरू करताच इतरांनीही तिचे अनुकरण केले. स्वपक्षाच्याच माऱ्यात २३ विमाने पडली आणि मृत, जखमी व बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक सैनिक व वैमानिक कामी आले किंवा जायबंदी झाले. रिजवे त्या वेळी उतरण्याच्या जागेवर उपस्थित होते. या दुर्घटनेनंतर मोठ्या एअरबोर्न तुकड्या ठेवाव्यात की नाहीत, याविषयी अमेरिकी लष्करात गंभीर वाद झाला.

रोमची रद्द झालेली मोहीम

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या नव्या सरकारने दोस्त राष्ट्रांशी गुप्तपणे शस्त्रसंधी केला. रोमजवळच्या विमानतळांवर ८२वी डिव्हिजन उतरवावी आणि इटालियन सैन्याच्या मदतीने राजधानी ताब्यात घ्यावी, अशी योजना त्या वेळी आखण्यात आली. दोस्तांचे मुख्य सैन्य मात्र रोमच्या बरेच दक्षिणेस, सालेर्नो येथे उतरणार होते. रोमभोवती जर्मन सैन्य होते आणि इटालियन सैन्य दिलेला शब्द पाळू शकेल, याविषयी रिजवे यांना खात्री नव्हती. त्यांनी आपला आक्षेप जनरल हॅरल्ड अलेक्झांडर यांच्यापर्यंत नेला.

परिस्थितीची खातरजमा करण्यासाठी ब्रिगेडियर जनरल मॅक्सवेल टेलर यांना एका सहकाऱ्यासह गुप्तपणे रोमला पाठवण्यात आले. इटालियन नेतृत्व या मोहिमेस साहाय्य करण्याच्या स्थितीत नसल्याचे त्यांनी कळवले. ८ सप्टेंबर रोजी विमाने निघण्याच्या बेतात असताना मोहीम रद्द झाली. रोम दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आले ते त्यानंतर नऊ महिन्यांनी, जून १९४४ मध्ये. मोहीम रद्द झाल्यानंतर काही दिवसांतच सालेर्नो येथील आघाडी कोसळण्याचा धोका निर्माण झाला आणि रिजवे यांची डिव्हिजन तेथे तातडीने उतरवण्यात आली.

नॉर्मंडी ते एल्ब नदी

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या आक्रमणात रिजवे यांनी आपल्या सैनिकांसमवेत विमानातून उडी घेतली. सेंत-मेर-एग्लीज हे गाव आणि मेर्देरे नदीवरील पूल ताब्यात ठेवणे हे या डिव्हिजनचे काम होते. विस्कळीत उतरणीमुळे सैनिक दूरवर विखुरले गेले, तरी त्यांनी गाव आणि नदीकाठ राखला. सुमारे पाच आठवड्यांच्या लढाईत डिव्हिजनमधील पाच हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले.

ऑगस्ट १९४४ मध्ये रिजवे यांच्याकडे १८व्या एअरबोर्न कोअरची सूत्रे देण्यात आली. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनीने आर्देनच्या अरण्यातून अनपेक्षित प्रतिहल्ला केला, तेव्हा या कोअरने उत्तरेकडील बाजू सावरून धरली. २४ मार्च १९४५ रोजी ऱ्हाइन नदीपलीकडील हवाई मोहिमेदरम्यान हातबाँबचा तुकडा लागून ते जखमी झाले. युद्धाच्या अखेरीस त्यांच्या कोअरने एल्ब नदी ओलांडली आणि तिची सोव्हिएत सैन्याशी गाठ पडली. जून १९४५ मध्ये त्यांना लेफ्टनंट जनरल पदावर बढती मिळाली.

कोरियन युद्ध

पार्श्वभूमी

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर आक्रमण केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ध्वजाखाली लढणाऱ्या सैन्याचे सर्वोच्च सेनापती जनरल मॅकआर्थर टोकियोत होते. कोरियातील भूमीवरील लढाईचा मुख्य भार अमेरिकेच्या आठव्या सैन्यावर होता. सप्टेंबरमधील इंचॉन येथील उतरणीनंतर हे सैन्य उत्तरेकडे यालू नदीच्या दिशेने वेगाने सरकले. नोव्हेंबरअखेर चीनने मोठ्या संख्येने सैन्य उतरवून जोरदार हल्ला केला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजांना दीर्घ माघार घ्यावी लागली. २३ डिसेंबर रोजी आठव्या सैन्याचे प्रमुख जनरल वॉल्टन वॉकर यांचा जीपच्या अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या जागी रिजवे यांची नियुक्ती झाली. त्या वेळी ते वॉशिंग्टनमध्ये भूसेनेचे उपप्रमुख म्हणून प्रशासन व प्रशिक्षणाचे काम पाहत होते. २६ डिसेंबर रोजी टोकियोत मॅकआर्थर यांची भेट घेऊन ते त्याच दिवशी कोरियात पोहोचले.

सैन्याची पुनर्बांधणी

नवीन सेनापतीला सर्वत्र निराशेचे वातावरण आढळले. शत्रू नेमका कोठे आहे, त्याचे बळ किती आहे, याची माहिती अधिकाऱ्यांजवळ नव्हती, कारण शत्रूशी संपर्क ठेवण्यासाठी गस्ती तुकड्या पुरेशा पाठवल्या जात नव्हत्या. वाहनांवर विसंबलेले सैन्य रस्त्याला चिकटून राहत असे आणि रात्री डोंगरांवरून येणारे चिनी सैनिक त्याला सहज वेढत.

रिजवे यांनी आघाडीवरील डिव्हिजनांना प्रत्यक्ष भेटी दिल्या. सैनिकांना गरम जेवण, थंडीतील हातमोजे, घरी पत्र लिहिण्यासाठी कागद अशा साध्या गोष्टी मिळतात की नाही, याची त्यांनी विचारपूस केली आणि उणिवा दूर करवल्या. त्याचबरोबर अधिकाऱ्यांनी रस्ता सोडून आजूबाजूच्या टेकड्या ताब्यात घ्याव्यात, लगतच्या तुकड्यांनी एकमेकींशी संपर्क तुटू देऊ नये, तोफखान्याचा पूर्ण वापर करावा आणि वेढल्या गेलेल्या तुकडीला वाऱ्यावर सोडू नये, असे आदेश दिले. ज्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून आक्रमक नेतृत्वाची अपेक्षा उरली नव्हती, त्यांना नेहमीच्या बदल्यांचे निमित्त करून हळूहळू मायदेशी पाठवण्यात आले. जानेवारी १९५१ मध्ये त्यांनी सैन्याला उद्देशून एक निवेदन काढले. आपण येथे का आलो आहोत आणि कशासाठी लढत आहोत, हे सैनिकांचे प्रश्न त्यात थेट हाताळले होते.

एका खांद्याच्या पट्ट्याला हातबाँब आणि दुसऱ्या पट्ट्याला प्रथमोपचाराची पिशवी लावलेले त्यांचे छायाचित्र त्या काळात प्रसिद्ध झाले. दुरून ही पिशवीही हातबाँबसारखीच दिसे. तो दिखाऊपणा असल्याची टीका काहींनी केली. आघाडीवर सेनापती ओळखू यावा आणि तो स्वतः लढण्यास सज्ज असल्याचे सैनिकांना दिसावे, हा मात्र त्याचा परिणाम निश्चितच झाला.

प्रतिचढाई

४ जानेवारी १९५१ रोजी सोल शहर सोडावे लागले. तथापि ही माघार शिस्तबद्ध होती. जानेवारीच्या मध्यापासून रिजवे यांनी मर्यादित चढाया सुरू केल्या. प्रत्येक चढाईत सैन्य एका ठरावीक रेषेपर्यंतच पुढे जाई, मागे राहिलेल्या जागा साफ करी आणि मगच पुढील रेषेकडे सरकत असे. प्रदेश जिंकण्यापेक्षा शत्रूचे मनुष्यबळ व साधनसामग्री खर्ची पाडण्यावर त्यांचा भर होता.

१३ ते १५ फेब्रुवारी दरम्यान चिप्योंग-नी येथे कर्नल पॉल फ्रीमन यांच्या २३व्या पायदळ रेजिमेंटने फ्रेंच बटालियनसह चिनी वेढ्याला यशस्वी तोंड दिले. हवाई मार्गाने रसद पुरवून आणि चिलखती तुकडी धाडून हा वेढा फोडण्यात आला. संयुक्त राष्ट्रसंघाचे सैन्य चिनी हल्ल्यापुढे टिकू शकते, हे या लढाईने सिद्ध केले. मार्चच्या मध्यास सोल पुन्हा ताब्यात आले आणि आघाडी पुन्हा ३८व्या अक्षवृत्ताच्या आसपास पोहोचली.

या यशाचे श्रेय केवळ सेनापतीला देता येत नाही. चिनी सैन्याच्या रसदमार्गांची लांबी वाढली होती, त्यांच्याजवळ कडाक्याच्या थंडीला पुरेसे कपडे नव्हते आणि अमेरिकेचे हवाई वर्चस्व जवळजवळ निर्विवाद होते. तरीही हीच साधने हाताशी असताना डिसेंबरमध्ये आठवे सैन्य मागे हटत होते. म्हणूनच बहुतेक लष्करी इतिहासकार नेतृत्वातील बदलाला निर्णायक महत्त्व देतात. दुसरीकडे, शत्रूचा जास्तीत जास्त संहार हे उद्दिष्ट ठेवल्यामुळे तोफा व विमानांचा प्रचंड मारा झाला. या युद्धात कोरियन नागरी जनतेची अपरिमित हानी झाली, हेही विसरता येत नाही.

भारतीय वैद्यकीय पथक

या मोहिमांशी भारताचाही संबंध आला. भारताने कोरियात लढाऊ सैन्य न पाठवता लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६०वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले होते. २३ मार्च १९५१ रोजी मुनसान-नी येथे अमेरिकेच्या १८७व्या एअरबोर्न रेजिमेंटच्या सैनिकांबरोबर या पथकातील काही डॉक्टर व जवानांनीही छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली आणि जखमींवर उपचार केले. रंगराज यांना पुढे महावीर चक्र प्रदान करण्यात आले.

सर्वोच्च सेनापती

युद्ध चीनपर्यंत वाढवावे की कोरियापुरते मर्यादित ठेवावे, यावरून मॅकआर्थर आणि राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यात तीव्र मतभेद झाले. मॅकआर्थर यांनी ते जाहीरपणे मांडल्यामुळे ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रुमन यांनी त्यांना पदमुक्त करून रिजवे यांची नेमणूक केली. आठव्या सैन्याचे नेतृत्व जनरल जेम्स व्हॅन फ्लीट यांच्याकडे गेले. मर्यादित उद्दिष्टासाठी लढणे आणि धोरण ठरवण्याचा अधिकार नागरी नेतृत्वाचा मानणे, या दोन्ही गोष्टी रिजवे यांनी मान्य केल्या. एप्रिल-मे मधील चिनी चढाया परतवल्यानंतर १० जुलै १९५१ रोजी केसाँग येथे शस्त्रसंधीची बोलणी सुरू झाली. पुढे ती पानमुन्जोम येथे हलवण्यात आली. युद्धकैद्यांच्या परतीच्या प्रश्नावर ही बोलणी दीर्घकाळ अडली आणि शस्त्रसंधी २७ जुलै १९५३ रोजी, म्हणजे रिजवे तेथून गेल्यानंतर वर्षाहून अधिक काळाने झाला. परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांची व्यवस्था पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताचे जनरल के. एस. थिमय्या यांच्याकडे होते.

याच पदामुळे जपानमधील दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाचे प्रमुखपदही रिजवे यांच्याकडे होते. २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता तह अंमलात येऊन हा ताबा संपुष्टात आला.

वंशभेदाची समाप्ती

ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला होता, तरी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेगळ्या तुकड्या कायम होत्या. मे १९५१ मध्ये रिजवे यांनी आपल्या अधिकारक्षेत्रातील या तुकड्या विसर्जित करून सैनिकांना एकत्र करण्याची परवानगी मागितली. ती मिळाल्यावर ऑक्टोबर १९५१ मध्ये २४वी पायदळ रेजिमेंट विसर्जित करण्यात आली. अशी विभागणी लष्करी दृष्ट्या निरुपयोगी आणि नैतिक दृष्ट्या अयोग्य असल्याचे त्यांचे मत होते.

नाटोचे सर्वोच्च सेनापती

मे १९५२ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यानंतर रिजवे नाटोचे युरोपातील सर्वोच्च सेनापती झाले. अमेरिकेने कोरियात जैविक अस्त्रे वापरल्याचा आरोप चीन व उत्तर कोरियाने केला होता. अमेरिकेने तो फेटाळला होता. त्या पार्श्वभूमीवर २८ मे १९५२ रोजी फ्रेंच साम्यवाद्यांनी रिजवे यांच्या आगमनाविरुद्ध पॅरिसमध्ये हिंसक निदर्शने केली.

फेब्रुवारी १९५२ मध्ये लिस्बन येथे सदस्य देशांनी ९६ डिव्हिजनांचे सैन्य उभारण्याचे उद्दिष्ट मान्य केले होते. ते पूर्ण करण्यासाठी रिजवे यांनी सतत तगादा लावला. परंतु युद्धातून नुकत्याच सावरत असलेल्या युरोपीय देशांना हा खर्च परवडणारा नव्हता. आयझेनहॉवर यांच्याजवळ असलेले राजनैतिक कौशल्य त्यांच्याजवळ नव्हते आणि ते प्रामुख्याने अमेरिकी अधिकाऱ्यांवर विसंबून राहतात, अशी टीका त्यांच्यावर झाली. जुलै १९५३ मध्ये जनरल आल्फ्रेड ग्रुएन्थर यांनी त्यांच्याकडून पदभार स्वीकारला.

भूसेनाप्रमुख

संरक्षण धोरणावरील मतभेद

ऑगस्ट १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी रिजवे यांची भूसेनाप्रमुखपदी नेमणूक केली. आयझेनहॉवर प्रशासनाने संरक्षण खर्च कमी करण्यासाठी अण्वस्त्रे आणि हवाई दल यांवर मुख्य भिस्त ठेवण्याचे धोरण आखले होते. त्यामुळे भूसेनेत मोठी कपात झाली. १९५३ मध्ये सुमारे १५ लाख असलेले तिचे संख्याबळ १९५५ पर्यंत सुमारे ११ लाखांवर आले.

रिजवे यांचा या धोरणाला विरोध होता. प्रत्येक संघर्षाला अण्वस्त्रांची धमकी हे उत्तर असू शकत नाही, मर्यादित युद्धांसाठी सुसज्ज पायदळ लागतेच, असे ते मानत. शत्रूच्या नागरी वस्त्यांवर सरसकट अण्वस्त्रे टाकण्याच्या कल्पनेला त्यांचा नैतिक आक्षेपही होता. सैन्यकपातीला लष्करप्रमुखांची एकमुखी संमती असल्याचे चित्र सरकारने उभे केले, तेव्हा आपली संमती नसल्याचे त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांसमोर सांगितले.

इंडोचायनाचा प्रश्न

मार्च १९५४ मध्ये व्हिएतनामच्या वायव्येस दिएन बिएन फू येथे व्हिएत मिन्हच्या सैन्याने फ्रेंच ठाण्याला वेढा घातला. फ्रान्सने अमेरिकेकडे मदत मागितली. संयुक्त लष्करप्रमुख मंडळाचे अध्यक्ष ॲडमिरल आर्थर रॅडफर्ड हे वेढा घालणाऱ्या सैन्यावर अमेरिकी विमानांनी बाँबहल्ला करावा या मताचे होते. रिजवे यांनी त्याला ठाम विरोध केला. हवाई हल्ल्याने वेढा सुटणार नाही आणि एकदा हवाई दल उतरले की पायदळही उतरवावे लागेल, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

आपला विरोध केवळ मतापुरता राहू नये म्हणून त्यांनी लष्करी तज्ज्ञांचे पथक इंडोचायनात पाठवले. बंदरांची क्षमता, विमानतळ, रस्ते व पूल, दूरध्वनी यंत्रणा, पावसाळा आणि रोगराई यांची या पथकाने पाहणी केली. मोठ्या आधुनिक सैन्याला लागणाऱ्या सोयी तेथे जवळजवळ नव्हत्या. त्या सर्व उभारण्याचा खर्च व काळ यांचा हिशेब भूसेनेने मांडला. फ्रेंचांनी माघार घेतली आणि चीन युद्धात उतरला नाही, तरी विजयासाठी सात अमेरिकी डिव्हिजन लागतील आणि चीन उतरल्यास बारा लागतील, असा भूसेनेचा अंदाज होता. हा अहवाल राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचवण्यात आला.

अखेर अमेरिकेने हस्तक्षेप केला नाही आणि ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले. या निर्णयामागे अनेक कारणे होती. काँग्रेसमधील नेत्यांनी मित्रराष्ट्रांच्या सहभागाची अट घातली होती, तर ब्रिटनने सहभागास नकार दिला होता. कोरियातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आयझेनहॉवर यांनाही आशियात एकाकी युद्ध नको होते. रिजवे यांच्या विरोधाचे नेमके वजन किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. स्वतः रिजवे यांना मात्र हा विरोध आपल्या सेवेतील सर्वात अभिमानास्पद गोष्टींपैकी एक वाटत असे.

निवृत्ती व उत्तरायुष्य

३० जून १९५५ रोजी रिजवे निवृत्त झाले. निवृत्तीपूर्वी संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अण्वस्त्रकेंद्री धोरणावरील आपले आक्षेप सविस्तर मांडले. सरकारने ते गोपनीय ठरवले, परंतु लवकरच ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये ‘सोल्जर’ हे त्यांचे आत्मकथन आणि १९६७ मध्ये कोरियन युद्धावरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. निवृत्तीनंतर ते पिट्सबर्ग येथील मेलन इन्स्टिट्यूटशी संबंधित होते.

१९६० च्या दशकात अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली, तेव्हा १९५४ मधील त्यांच्या इशाऱ्याची पुन्हा चर्चा होऊ लागली. मार्च १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सल्ल्यासाठी बोलावलेल्या ज्येष्ठांच्या गटात रिजवे यांचा समावेश होता. युद्धातून क्रमाक्रमाने बाहेर पडावे, या मताच्या बाजूने ते होते. ३१ मार्च रोजी जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरील बाँबहल्ले मर्यादित करण्याची घोषणा केली.

१९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पश्चिम जर्मनीतील बिटबुर्ग लष्करी दफनभूमीच्या भेटीत नव्वदीतील रिजवे त्यांच्यासमवेत होते. तेथे त्यांनी माजी जर्मन वैमानिक जनरल योहान्नेस श्टाइनहॉफ यांच्याशी हस्तांदोलन केले. १९८६ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा नागरी सन्मान मिळाला. पुढे काँग्रेसचे सुवर्णपदकही त्यांना प्रदान करण्यात आले. २६ जुलै १९९३ रोजी पिट्सबर्गजवळील फॉक्स चॅपल येथे वयाच्या ९८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

वारसा

कोरियातील रिजवे यांच्या नेतृत्वाचा अभ्यास आजही केला जातो. ओमर ब्रॅडली यांनी आपल्या आत्मचरित्रात या कामगिरीची गणना अमेरिकी लष्कराच्या इतिहासातील वैयक्तिक नेतृत्वाच्या सर्वश्रेष्ठ उदाहरणांत केली आहे. खचलेल्या सैन्याला उभे करताना त्यांनी नवी शस्त्रे किंवा मोठी कुमक यांची वाट पाहिली नाही. माहिती, रसद, भूभागाचा योग्य वापर आणि सैनिकांचा विश्वास या मूलभूत गोष्टींपासून त्यांनी सुरुवात केली.

संरक्षण धोरणाच्या बाबतीत त्यांची मते त्यांच्या कार्यकाळात फेटाळली गेली. परंतु त्यांचे उत्तराधिकारी मॅक्सवेल टेलर यांनी तोच विचार पुढे नेला आणि १९६१ नंतर जॉन केनेडी यांच्या प्रशासनाने संघर्षाच्या स्वरूपानुसार प्रतिसाद देण्याचे धोरण स्वीकारून भूसेनेचे बळ वाढवले. याच वाढलेल्या बळाचा वापर पुढे व्हिएतनाममध्ये झाला, हा इतिहासातील विरोधाभास होय.

नागरी नेतृत्व आणि सेनापती यांच्या संबंधांच्या अभ्यासातही रिजवे यांचे उदाहरण दिले जाते. मॅकआर्थर यांनी सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि पद गमावले. रिजवे यांनी आपले आक्षेप लेखी आणि अधिकृत मार्गाने मांडले, काँग्रेससमोर विचारल्यावर ते लपवले नाहीत आणि अंतिम निर्णय नागरी सत्तेचा मानून कार्यकाळ संपताच ते पदावरून दूर झाले. आयझेनहॉवर प्रशासनाच्या दृष्टीने ते अडचणीचे सहकारी होते. त्यांच्या मते मात्र सेनापतीचे कर्तव्य लढाई जिंकण्यापाशी संपत नव्हते. कोणत्या लढाईची किंमत सैनिकांना किती मोजावी लागेल, हे निर्णय घेणाऱ्यांना वेळेत आणि आकड्यांसह सांगणे हाही त्या कर्तव्याचा भाग होता.

पिट्सबर्ग विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय सुरक्षा अभ्यास केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

कारकिर्दीचा संक्षिप्त कालपट

१९१७ – वेस्ट पॉइंट येथून पदवी
१९४२ – ८२व्या डिव्हिजनचे नेतृत्व
१९४३ – सिसिली व इटलीतील मोहिमा
१९४४ – नॉर्मंडीत उतरण. १८व्या एअरबोर्न कोअरचे नेतृत्व
१९५० – कोरियात आठव्या सैन्याचे प्रमुख
१९५१ – अतिपूर्वेतील सर्वोच्च सेनापती
१९५२ – नाटोचे युरोपातील सर्वोच्च सेनापती
१९५३ – भूसेनाप्रमुख
१९५५ – निवृत्ती
१९९३ – निधन